साती आसरांपासून बारच्या दारापर्यंत

घटस्थापना तोंडावर आली की आमच्या दुकानापुढे झेंडूचे क्रेट येऊन पडतात. पहिल्या क्रेटमध्ये हात घातला की माझं डोकं फिरतं. राग नेमका कुणावर काढायचा हे इतक्या वर्षांत ठरलेलं नाही, म्हणून तो टेम्पोवाल्यावर निघतो. फूल ओलं आणलंस, देठ लांब ठेवलेत, खालचा थर पार दबलाय. तो मान डोलावत ऐकून घेतो आणि म्हणतो, "काकू, बाकी वर्षभर तुम्ही चांगल्या असता, नवरात्रातच काय होतं तुम्हाला?" मी त्याला चहा देते. सांगत काही नाही.

दुकान म्हणजे देवळाच्या कमानीला चिकटलेली पूजासाहित्याची टपरी. नारळ, ओटीचे खण, कापूर, हार. मी जिथे बसते तिथे पूर्वी आमचा शेवंतीचा वाफा होता, आणि भक्तांच्या चपला जिथे असतात तिथे विहिरीचं पाणी पडायचं ते थारोळं. त्याच्या मागे झेंडू. दसऱ्याच्या आधी आग्रा रोडवरून जाणाऱ्या एस.टी.तली माणसं खिडकीतून माना काढून बघायची, असा पिवळा धमक मळा. आता तिथे फ्लॅट झालेत. झेंडू मी बाजारातून विकत आणते. माळ्याच्या सुनेने झेंडू विकत आणायचा, हे बघायला माझ्या सासूबाई राहिल्या नाहीत, तेवढं एक बरं झालं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. मी नामपूरची, बागलाणातली. कांद्याच्या वासात वाढलेली, बी.कॉम. झालेली आणि नाशिकला शहरात पडले म्हणून मनातून खूश असलेली. शहर म्हणजे आमच्यासाठी शहराची कड होती. पलीकडे कॉलन्या उगवत होत्या आणि अलीकडे आम्ही फुलं पिकवत होतो. बोलता बोलता माझ्या तोंडून 'आहे'ऐवजी अहिराणी 'शे' निघून जायचं आणि सगळं घर हसायचं. आत्याबाई मात्र म्हणायच्या, "हसू दे त्यान्ला. तुझी भाषा लय गोड हे." आमचे हे एकलहऱ्याला पॉवर स्टेशनवर पाळीने कामाला असत. त्यामुळे मळा म्हणजे मामंजी, आत्याबाई आणि मी. मामंजी, म्हणजे सासरे, पाणी आणि बाजार बघत. तोडणी आणि ओवणी बायकांची.

नव्वदच्या दशकाचा तो उत्तरार्ध. मला आठवतो तो एकच हंगाम, आणि तोही सलग आठवत नाही. दव उतरल्यावर तोडायला सुरुवात व्हायची. दुपारपर्यंत नखं हिरवी-काळी व्हायची आणि तो कडवट वास भाकरीच्या घासातही यायचा. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर, जमीन मात्र पायाखाली अजून ओली. विहिरीच्या काठावर जांभळाखाली आमच्या साती आसरा होत्या. शेंदूर लावलेले सात दगड, ओळीने बसवलेले. आत्याबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात ओळख करून दिली होती, एखाद्या नणंदेची करून द्यावी तशी.

"पान्यातल्या सात बहिनी हेत या. दर मंगळवारी हळदी-कुंकू लावायचं. वर्साला हिरवा खन, बांगड्या. बाकी काय मागत नायत त्या."

"आणि देऊळ?" मी विचारलं होतं.

"छप्पर चालत नाय त्यांना. कोंडल्यावानी व्हतं."

मळ्याच्या रस्त्याकडच्या अंगाला बार होता. पाटीवर 'फॅमिली रेस्टॉरंट अँड बार' असं लिहिलेलं होतं, पण फॅमिली घेऊन आत गेलेला माणूस मी तरी पाहिला नाही. आत ऑर्केस्ट्रा चाले. मी आत कधी गेले नाही, पण दुपारी साफसफाईसाठी दारं उघडी असली की लांबून दिसायचं. लाल कापडाचं छोटं स्टेज, त्याच्यावर मांडलेल्या खुर्च्या, एक कीबोर्ड. मुली खुर्चीवर बसून गात. त्यांना रोजचे गजरे आमच्याकडून जात. आत्याबाई त्या गजऱ्यांना वेगळी ओवण घालत, जरा दाट. "उजेडात बसायचं असतं त्यान्ला, विरळ दिसाया नको," असं त्यांचं म्हणणं. बारला गजरे देतो म्हणून आमच्या घराला कुणी नाव ठेवलं की त्या सरळ विचारत, "आन लग्नातल्या हाराची फुलं कुठून नेता?"

गजरे न्यायला मंगल यायची. मनमाडची, वडील रेल्वेत होते, ते गेल्यावर घर उघडं पडलेलं. नवऱ्याविषयी ती बोलत नसे आणि आम्ही विचारत नसू. तिशीच्या आतबाहेरची, सावळी, दुपारी आली की चेहऱ्याला काही लावलेलं नसायचं आणि केस नुसते बांधलेले. कुणी म्हणेल पोस्टातली बाई. आत्याबाईंना ती मावशी म्हणायची आणि मला वहिनी. फुलं तयार होईपर्यंत बसायची ती हातात सुई घेऊनच. आधी मात्र विहिरीवर जायची, सातही दगडांना हळदी-कुंकू लावायची, आणि मगच आमच्यात येऊन टेकायची. वार मंगळवार असो नसो.

तिला एक मुलगी होती, पिंकी, पहिलीत. तिची शाळा रोडच्या पलीकडे. मंगलने जवळच्या जुन्या चाळीत खोली घेतली होती आणि या जागेचं तिला फार अप्रूप होतं. एकदा ती शेवंतीची वेणी गुंफत सांगत होती, "वहिनी, खोलीपासून शाळा चालत, शाळेपासून बार चालत. पोरगीला सोडते, सैपाक करते, तिला घेऊन येते, बाजूच्या आजीकडं ठेवते आन कामावर. बरं, इथला मालक नाचाया लावत नाय. खुर्चीवर बसायचं, गायचं, उठायचं. असं ठिकान परत घावनार नाय मला."

"आणि हे बंद पडलं तर?" मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"तर पिंकी मनमाडला आईकडं. तिथं भाऊ पितो, भावजय कामाला जाते. शाळेचं कोन बघनार? संपलं मंग." तिने दोरा दाताने तोडला. "पन बंद का पडंल? एवढं पब्लिक येतं."

पब्लिक येत होतं हे खरं, आणि त्याच पब्लिकने कॉलनीचा जीव नकोसा केला होता. हेही सांगितलंच पाहिजे, नाहीतर मी उगाच एकीची बाजू घेतल्यासारखं होईल. झेंडूच्या सरीत बाटल्यांच्या काचा सापडत. एकदा भर सकाळी वाफ्यात एक माणूस पालथा झोपलेला मिळाला, त्याच्या अंगाखाली फुटलेली कळीन् कळी मी मोजल्यासारखी बघत राहिले होते. कॉलनीतली एक तरुण शिक्षिका बसमधून उतरून घरी चालली होती, तेव्हा गाडीतल्या दोघांनी काच खाली करून तिला विचारलं, "आतलीच का?" ती घरी जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील, भाऊ, शेजारी सगळे बारच्या दारात. मालकाने हात जोडले, चहा पाजला, परत पाठवलं. त्याचा परवाना होता. कागद सगळे होते.

कॉलनीच्या सोसायटीचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना साहेब म्हणत. आवाज कधी न चढवणारा, चप्पल बाहेर ओळीत ठेवणारा माणूस. त्यांनी नियम काढला. शाळेपासून आणि देवळापासून ठरावीक मीटरच्या आत असा बार चालत नाही, असा तो नियम. आधी शाळा धरून बघितली. शाळा बारच्या अगदी समोर, गॅलरीतून हाक मारली तर ऐकू जाईल एवढी. पण अंतर चालत जायच्या वाटेने मोजायचं असतं, आणि मधे हायवेचा दुभाजक. दुभाजकाची फट लांब पुढे. तेवढं जाऊन परत यायचं म्हटलं तर शाळा नियमाच्या बाहेर पडत होती. पोरं मात्र दुभाजकावरून उड्या मारून जात, त्या उड्या कुठे मोजल्या जात नाहीत.

मग त्यांची नजर आमच्या आसरांवर गेली. देव जुना होता, बारच्या कितीतरी आधीचा, सातबाऱ्यावरच्या विहिरीएवढा जुना. फक्त देऊळ नव्हतं. भिंती हव्या होत्या, कळस हवा होता, आणि चार लोक रोज पूजेला येतात हे दिसायला हवं होतं. ही सगळी मेख मला नंतर कळली. त्या वेळी आमच्या ओट्यावर पुरुषांची बैठक झाली, मी चहाचा ट्रे ठेवला आणि आत आले. बायकांना एवढंच सांगितलं गेलं की कॉलनीवाले देवीला छान देऊळ बांधून देताहेत, नवरात्रात बसायला जागा होईल.

आत्याबाईंनी एकदाच तोंड उघडलं. "त्यान्ला छप्पर चालत नाय."

"अगं, खर्च त्यांचा, पुण्य आपलं," मामंजी म्हणाले. "कोपऱ्यातली जागा ती केवढीशी. आपलं काय जातंय?"

गवंडी आले. भाद्रपद सरता सरता भिंती उभ्या राहिल्या. कॉलनीतल्या लोकांना आसरा ठाऊक नव्हत्या. कुणी लातूरकडचं, कुणी जळगावचं, कुणी थेट इंदूरहून आलेलं. त्यांनी सात दगडांना एकच नाव दिलं, जलदेवी माता. संगमरवरी फरशी बसली, वर शिखर आलं, दगडांना चांदीचे डोळे लागले. जांभळाची एक फांदी शिखराला आडवी येते म्हणून तोडली. घटस्थापनेच्या दिवशी प्लास्टर ओलंच होतं, हात लावला की बोटाला सिमेंट लागायचं. मी बी.कॉम. झालेली बाई, पण तेवढी घाई कशाची, हा प्रश्न मला पडला नाही. झेंडूत मान वर करायला फुरसत नव्हती.

सगळ्यांत आनंद झाला तो मंगलला. तिला छपराबद्दल काही वाटलं नाही. "मावशी, देवीला घर झालं बघा," असं म्हणत ती पहिल्या माळेच्या दिवशी नवी साडी नेसून आली. आरतीला कॉलनीतल्या चार बायका, दोन म्हातारे आणि आम्ही. आरती संपली, बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणाला देवीचं गाणं धड येईना. आत्याबाई म्हणाल्या, "मंगल, तू म्हन."

तिने पदर डोक्यावरून घेतला आणि म्हटलं. जुनंच, बायका घट बसल्यावर म्हणतात त्यातलं. मला गाण्यातलं कळत नाही. मला इतकंच आठवतं की माझ्या हातात ओवलेली माळ होती आणि ती देवीला घालायची मी विसरले. आवाज मोठा नव्हता, पण तो पुढे पुढे येत नव्हता आणि मागेही हटत नव्हता, आपल्या जागी उभा राहून म्हणत होता. कॉलनीतल्या बायका हळूहळू खाली बसल्या. त्यांतल्या दोघींना ती कोण हे ठाऊक होतं. त्याही बसल्या. त्या शिक्षिकेने तिला उठून प्रसाद दिला.

दुसऱ्या माळेला गर्दी वाढली. मंगल कामावर जायच्या आधी यायची, दिवेलागणीच्या सुमाराला, तासभर म्हणायची आणि मग मागच्या वाटेने बारकडे जायची. इकडे देवीचं, तिकडे सिनेमाचं, गळा एकच. चौथ्या-पाचव्या माळेपर्यंत रोडपलीकडचे लोक यायला लागले. कालिकेच्या यात्रेला निघालेले सायकली उभ्या करून थांबायचे. साहेबांनी सतरंज्या आणल्या, कुणी माईक आणला. मंगलच्या पुढे माईक ठेवताना साहेब म्हणाले होते, "बाई, तुमच्यामुळे देवळाला शोभा आली." ते खोटं बोलत नव्हते. आणि मला आता वाटतं, त्यांना काहीच वाटत नव्हतं असंही नसावं, कारण ते तिच्याकडे बघून बोलत नव्हते.

सातव्या माळेला सरकारी जीप आली. दोन अधिकारी, एक शिपाई. गाणं चालू होतं म्हणून ते बाजूला थांबले, चपला काढल्या, नमस्कार केला. इतकी सभ्य माणसं. गाणं संपल्यावर सेक्रेटरीसाहेब त्यांना घेऊन आत फिरले, जुने दगड दाखवले, मामंजींना पुढे बोलावलं. मामंजींनी सांगितलं, आजोबाच्या आधीपासून हा देव इथं आहे. मग शिपायाने पिशवीतून मोजायची टेप काढली. लांबलचक, कापडी, पिवळी. टोक पायरीवर धरायला कुणीतरी हवं होतं, आणि पायरीच्या सगळ्यांत जवळ माईकपुढे मंगल बसलेली होती.

"बाई, हे जरा दाबून धरा," शिपाई म्हणाला.

तिने टेपचं टोक पायरीच्या कडेला लावलं आणि अंगठ्याने दाबून धरलं. शिपाई टेप सोडत सोडत मागे गेला, फाटकातून बाहेर, रस्त्याच्या कडेने, बारच्या दारापर्यंत. तिने मला खुणेने विचारलं, काय आहे? मी खांदे उडवले. मला वाटलं रस्ता रुंद करायचा असेल. आत्याबाईंना वाटलं मंडपाचं माप घेताहेत. टेप मधे झोळ खाऊन खाली लोंबली, तेव्हा शिपायाने लांबून ओरडून सांगितलं, ताणून धरा. तिने दुसरा हातही लावला.

दसरा झाला. आमचा सगळा झेंडू गेला, हंगाम बरा झाला. दिवाळीच्या आत बारच्या शटरला नोटीस लागली. मालकाने थोडी धावपळ केली आणि मग सामान टेम्पोत भरलं. त्याला फारसं दुःख झालेलं दिसलं नाही. शहराची हद्द संपल्यावर हायवेलाच त्याच्या मेहुण्याची जागा होती.

मंगल आली ती दुपारची, गजऱ्याच्या वेळेला. गजरे नको होते. आत्याबाईंनी तरी सुई हातात घेतली आणि शेवंतीची वेणी करायला बसल्या. ती विहिरीकडे गेली नाही, कारण विहिरीकडे जायला आता देवळातून जावं लागत होतं. खाली बसली. पिंकीला मनमाडला सोडून आली होती.

"नवी जागा लांब हाय मावशी. वरतीच खोल्या हायेत मुलीन्ला राहायला. तिथं पोरगी ठेवता येत नाय." मग तिने खाली पडलेली एक शेवंती उचलून वेणीशी ठेवली. "टेप मीच धरली व्हती ना?"

आत्याबाईंच्या हातातली सुई थांबली.

"लय घट्ट धरली व्हती," मंगल म्हणाली. "देवीचं काम हाय, सुटाया नको म्हनून." आणि ती हसली. मला ते हसणं अजून सोसत नाही.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा मामंजींपुढे आवाज चढवून बोलले. तिला आधी सांगितलं का नाही? गाणं तिच्याकडून म्हणून घेतलं, गर्दी तिच्या गळ्याने जमवली, आणि माप तिच्याच हातून? मामंजी वाईट माणूस नव्हते. ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. "अगं पोरी, तिला कुणी काय बोललं का? कुणी हाकललं का? कायद्यानं झालं सगळं." कुणीच तिला हाकललं नव्हतं. आपल्या परीने प्रत्येकाने चांगलंच केलं होतं. देवीला घर, शिक्षिकेला निर्धास्त वाट, कॉलनीला झोप. मग तरी मी कुणाशी भांडणार होते? आत्याबाई मात्र त्यानंतर त्या देवळात गेल्या नाहीत. हार द्यायच्या, दारातून परत यायच्या.

माहेरी जायला आग्रा रोडनेच जावं लागतं. नवा बार खिडकीतून दिसायचा, आधी एकटा, मग त्याच्या शेजारी दुसरा, तिसरा. शहराने बाहेर ढकललेलं सगळं तिथे ओळीने उभं राहिलं होतं, आणि रोषणाई इथल्यापेक्षा जास्त. तिथे शाळा नव्हती, देऊळ नव्हतं, मोजायला काहीच नव्हतं. मग हळूहळू शहरच तिकडे सरकलं. तिथेही प्लॉट पडले, बंगले झाले, आणि एका खेपेला मला बारच्या थोडं अलीकडे घाईघाईने बांधलेलं एक नवं कोरं शिखर दिसलं. शेजारच्या बाईने खिडकीतूनच हात जोडले. मी जोडले नाहीत. मला टेप दिसत होती.

दोन हजार साल उलटून गेल्यावर असेल, एकदा मंगल मला एस.टी.त भेटली. नव्या बारच्या जवळच्या थांब्यावर चढली, मनमाडला चालली होती. चांदवडपर्यंत आम्ही एका सीटवर. आधी मी तिला ओळखलंच नाही, केस लालसर रंगवलेले, अंगाने भरलेली. तिनेच "वहिनी" म्हटलं.

"गाणं चालू आहे ना?" मी विचारलं. माझा मूर्खपणा.

"गानं टेपवर असतं आता. खुर्च्या काढल्या कवाच्या. आता उभं ऱ्हावं लागतं." पुढचं तिने सांगितलं नाही. "पहिल्यांदा म्हनले मी मालकाला, मी फकस्त गानार. त्यो म्हनला, मंग इथं काय काम? खरं हाय त्याचं. गिऱ्हाईक एवढ्या लांब गानं ऐकाया येतं व्हय?"

पिंकीची शाळा सुटली होती. भावजयीच्या पोरांना सांभाळत होती. मंगल हे सांगत होती ते दुसऱ्याच्या पोरीचं सांगावं तसं, खिडकीबाहेर कांद्याच्या चाळी बघत. मी तिला म्हटलं, परत इकडे ये, काहीतरी बघू. ती म्हणाली, येईन की. चांदवडला मी माहेरची गाडी धरायला उतरले. गर्दीत तिला हात करायचाही राहून गेला.

नंतर सरकारने डान्सबारच बंद केले. पेपरात मोठ्या अक्षरात आलं होतं. आमच्या देवळात पेढे वाटले. मी दुकानात बसून पेढा खाल्ला, चांगला होता. तोवर मामंजी गेले होते, मळा गेला होता, आत्याबाई खाटेला लागल्या होत्या. त्यांना मी बातमी वाचून दाखवली. त्या छताकडे बघत म्हणाल्या, "आन त्या पोरी?" पेपरात त्यांच्याबद्दलही होतं काहीतरी, आतल्या पानावर. मी वाचलं नाही.

आणि त्यानंतरच्या नवरात्रात, एका माळेला, दुपारी उन्हाची वेळ टळल्यावर मंगल कमानीत येऊन उभी राहिली. मी हार ओवत होते. केसांचा रंग उतरलेला, साधी सुती साडी, हातात कापडी पिशवी. तिने माझ्याकडे बघून मान हलवली आणि सरळ साहेबांकडे गेली. साहेब आता बरेच थकले होते. मंडपाखाली खुर्ची टाकून बसत. स्टेजवर भजनसंध्येची तयारी चालली होती. गायिका बाहेरून ठरवलेली, तिचा मोठा फोटो बॅनरवर.

"साहेब, ओळखलं का?"

साहेबांनी चष्मा सारखा केला. ओळखलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद आला, खरा, आणि लगेच गेला.

"देवीचं म्हनीन म्हनते," मंगल म्हणाली. "रोजचं. पैशाचं काय नाय, जे देसाल ते. आरतीच्या आधी म्हनीन आन जाईन. गळा हाय अजून."

साहेबांनी हात जोडले. "बाई, तुमचा गळा मी विसरलो नाही. पण आता ट्रस्ट आहे, चार लोक आहेत. ओळखतात तुम्हाला लोक. बायकामुलं असतात. तुम्ही समजून घ्या."

"नगं तर नगं," ती पटकन म्हणाली. "माईक नगं. मागं बसते बायांच्यात. नुसती टाळी वाजवीन."

साहेबांनी माझ्या दुकानाकडे बघितलं, जणू मी काही सुचवीन. मी उठले होते. माझ्या मांडीवरचा हार खाली पडला होता. दुकान माझं, जागा ट्रस्टची.

मंगल चिडली नाही. रडलीही नाही. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, पायरीकडे बघितलं, मग मागे वळून कमानीकडे, आणि कमानीपलीकडच्या रस्त्याकडे. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"मंग कुठवर आलेलं चालंल, तेवढं सांगा साहेब," ती म्हणाली. "तिथं उभी ऱ्हाते."